सामान लादलेल्या सायकलीने घाट चढणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांच्या सायकलीला पॅनियर (कॅरियरच्या दोन्ही बाजूंना लटकवायच्या पिशव्या), तंबू आणि स्वयंपाकाचे चार जिन्नस बांधलेले असतात आणि ज्यांना घाट चढून झाल्यावर पुढचेही काही दिवस सायकल चालवायची असते, अशा प्रवाशांसाठी ही उत्तरे आहेत. रिकाम्या रेसिंग सायकलीवर घाट मारणाऱ्यांचे गणित वेगळे असते आणि ते येथे घेतलेले नाही. उदाहरणे सह्याद्रीतील घाटांची आहेत. हिशेबाच्या सोयीसाठी ६५ किलो वजनाचा स्वार, १५ किलोंची सायकल आणि २० किलो सामान असे एकूण १०० किलो वजन सर्वत्र धरले आहे. आपले वजन यापेक्षा कमी-अधिक असेल, तर आकडेही साधारण त्याच प्रमाणात बदलतील.

घाट किती अवघड आहे, हे निघण्यापूर्वी कसे ओळखावे?

प्रथम दोन आकडे पाहावेत : एकूण किती मीटर उंची चढायची आहे आणि ती किती अंतरात चढायची आहे. १०० मीटर रस्त्यात ५ मीटर उंची वाढत असेल, तर तो ५ टक्क्यांचा चढ होय. वाई ते पाचगणी हा पसरणी घाटाचा रस्ता सुमारे १२ किलोमीटरांचा आहे आणि तेवढ्यात पावणेसहाशे मीटरांच्या आसपास उंची चढावी लागते, म्हणजे सरासरी चढ पाच टक्क्यांच्या थोडा खाली येतो. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जाताना सुमारे ४० किलोमीटरांत १३०० मीटरांच्या आसपास चढ आहे. येथे सरासरी साडेतीन टक्क्यांच्याही आत येते, आणि नेमकी हीच सरासरी लोकांना फसवते.

सह्याद्री बेसाल्टच्या थरांवर थर रचून बनलेला असल्यामुळे त्याचा पश्चिमेकडील कडा पायऱ्यापायऱ्यांनी चढत जातो. रस्ताही त्याच रीतीने काही काळ सपाटीवरून, वाड्यावस्त्यांमधून रेंगाळतो आणि मग एकाएकी सात-आठ टक्क्यांनी उभा राहतो. त्यामुळे सरासरीपेक्षा सर्वांत खडा टप्पा कोणता आणि तो किती लांब आहे, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते. मोबाइलवरील नकाशांत उंचीचा आलेख पाहता येतो. मात्र दाट झाडीत आणि तीव्र वळणांवर तो आलेख खोट्या उड्या मारतो, म्हणून त्यातील एखादे १८ टक्क्यांचे टोक पाहून घाबरून जाऊ नये.

दिशेचाही विचार करावा. कोकणातून देशावर येताना जवळजवळ प्रत्येक घाट खडा असतो. उलट बेळगाव किंवा आजऱ्याकडून आंबोलीला येणाऱ्याला आपण घाटमाथ्यावर पोहोचलो हे पुढचा उतार दिसल्यावरच कळते. प्रवासाची आखणी आपल्या हातात असेल, तर पहिल्या दौऱ्यात खडी बाजू उतरण्यासाठी ठेवण्यात काहीही कमीपणा नाही.

पाच टक्के म्हणजे फारसे काही नसते ना?

कर्जत–लोणावळा आणि कसारा–इगतपुरी या दोन्ही रेल्वे घाटांचा चढ ३७ मीटरांत १ मीटर, म्हणजे सुमारे २.७ टक्के आहे, आणि तेवढ्यासाठीसुद्धा गाड्यांना मागून जादा इंजिने लावण्याची पद्धत पडली. लोखंडी चाकांची पकड वेगळी असते, हे मान्य आहे. तरीही ज्याला आपण ‘साधा चढ’ म्हणतो तो ओझ्यासाठी साधा नसतो, एवढे त्यावरून लक्षात यावे.

चढावर वेग किती ठेवावा?

वेग ठरवूच नये. ठरवायचे ते आपले कष्ट, आणि चढ बदलला तरी ते तेवढेच ठेवायचे; वेग आपोआप कमी-जास्त होऊ द्यायचा. घाट एका लयीत चढण्याचे सारे शास्त्र याच एका गोष्टीत आहे. खालील हिशेब पाहिला, तर त्याचे कारण स्पष्ट होईल.

१०० किलोंचे एकूण वजन पाच टक्के चढावरून ताशी ७ किलोमीटर वेगाने नेण्यासाठी सुमारे ११० वॅट शक्ती लागते. नियमित सायकल चालवणारा निरोगी माणूस एवढी शक्ती तासन्‌तास देऊ शकतो. तोच वेग ताशी १० किलोमीटर करायचा म्हटले, तर सुमारे १६० वॅट लागतात. एवढी शक्ती अनेकांना अर्धा तास देता येते, पण चार तास देता येत नाही. आता पुढच्या वळणानंतर चढ आठ टक्क्यांचा झाला, असे समजू. ताशी ७ किलोमीटरांचा हट्ट धरला, तर तेथेही १६० वॅटांच्या वर जावे लागते. कष्ट मात्र ११० वॅटांवरच ठेवले, तर वेग ताशी पावणेपाच किलोमीटरांच्या आसपास येतो. एवढ्या संथ गतीने जाण्याची लाज वाटते म्हणून माणसे जोर लावतात आणि तीन किलोमीटरांनंतर कठड्यावर बसलेली दिसतात.

आपले कष्ट मोजण्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. बरोबरच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता येत असेल, तर गती योग्य आहे. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल, तर गिअर उतरवावा. एकट्याने जाणाऱ्याने स्वतःशी मोठ्याने बोलून पाहण्यास हरकत नाही, कारण घाटात ऐकणारे कोणी नसते.

पहिला किलोमीटर विशेष जपावा. सपाटीवरून आल्यावर पाय ताजे असतात, सकाळची हवा असते आणि घाटाची पाटी पाहून हुरूप येतो. नेमके तेव्हाच माणूस आपल्या कुवतीपेक्षा जास्त जोर लावतो, आणि त्याचा परिणाम अर्ध्या-पाऊण तासानंतर जाणवतो, तोवर चूक दुरुस्त करण्याची वेळ निघून गेलेली असते. सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटे ‘हे जरा जास्तच सावकाश होते आहे’ असे वाटावे, इतक्या संथपणे काढावीत.

माझ्या सायकलीचे गिअर घाटासाठी पुरेसे आहेत का?

सर्वाधिक महत्त्वाचा प्रश्न हाच असल्यामुळे त्याचे उत्तरही लांब आहे. सर्वांत हलक्या गिअरमध्ये पुढच्या सर्वांत लहान चकतीचे दाते आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीचे दाते मोजावेत. पुढच्या दात्यांना मागच्यांनी भागून येणाऱ्या संख्येला चाकाच्या परिघाने गुणले, की पायडलच्या एका फेऱ्यात सायकल किती पुढे सरकते, ते मिळते. ७०० बाय ३५ टायरचा परीघ सुमारे २.१७ मीटर असतो.

तीन प्रकारच्या सायकली घेऊ. जुन्या माउंटन बाइकच्या धर्तीवर पुढे २२ आणि मागे ३४ दाते असतील, तर एका फेऱ्यात सायकल १.४० मीटर जाते. हायब्रिड सायकलींवर पुढे २८ आणि मागे ३४ दाते असतील, तर १.७९ मीटर. रोड सायकलीवर पुढे ३४ आणि मागे ३२ दाते असतील, तर २.३१ मीटर. आता मघाच्या आठ टक्के चढावरील ताशी पावणेपाच किलोमीटरांचा वेग घेतला, तर पहिल्या सायकलीवर पायडलचे मिनिटाला सुमारे ५६ फेरे होतात, दुसरीवर ४४ आणि तिसरीवर जेमतेम ३४. मिनिटाला ३४ फेरे म्हणजे प्रत्येक फेऱ्यात सारे अंग पायडलवर टाकून ते खाली ढकलणे होय. त्यात लय उरत नाही, आणि गुडघे दोन दिवसांत तक्रार करू लागतात.

तेव्हा सामान घेऊन घाट चढायचे असतील, तर हलक्यात हलक्या गिअरचे प्रमाण (पुढचे दाते भागिले मागचे दाते) एकापेक्षा बरेच कमी असावे; पाऊण किंवा त्याहून खाली गेल्यास उत्तमच. नवी सायकल घेताना विक्रेता ‘२१ गिअर’, ‘२४ गिअर’ असे आकडे सांगतो, पण गिअर एकूण किती आहेत यापेक्षा सर्वांत हलका गिअर कोणता आहे, हे विचारावे. हाती असलेल्या सायकलीत बदल करायचा असल्यास मागची कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांचा संच, अधिक दात्यांची बसवणे हा बहुधा सर्वांत स्वस्त उपाय असतो. मात्र मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारी यंत्रणा) तेवढी मोठी चकती आणि तेवढी लांब चेन सांभाळू शकतो का, हे मेकॅनिककडून तपासून घ्यावे. पुढची लहान चकती आणखी लहान करता येईल की नाही, हे क्रँकच्या, म्हणजे पायडलच्या दांड्याच्या, रचनेवर अवलंबून असते.

हलके गिअर म्हणजे दुबळेपणा ही समजूत फार जुनी आहे. टूर द फ्रान्स शर्यतीत डिरेलर वापरण्यास १९३७ साली परवानगी मिळाली, आणि तोवर संयोजकांचा त्याला विरोधच होता. याच्या कितीतरी आधी, सेंट-एतियेन परिसरात हिंडणारे फ्रान्सचे पॉल द व्हिव्ही (१८५३–१९३०) हे लांब पल्ल्याच्या प्रवासासाठी अनेक गिअरांचा पुरस्कार करीत होते. शर्यतवाल्यांच्या आधी ही गोष्ट प्रवासी सायकलस्वारांना कळली होती, हे येथे मुद्दाम नमूद करावेसे वाटते.

चढावर गिअर बदलताना चेन अडकते किंवा पडते. काय करावे?

गिअर बदलण्यास उशीर होतो, हेच याचे बहुतेक वेळा कारण असते. चढाने पाय जड केल्यानंतर, चेन पूर्ण ताणलेली असताना पुढचा शिफ्टर (गिअर बदलण्याची कळ) दाबला, तर चेन मधल्या चकतीवरून सुटते खरी, पण लहान चकतीच्या दात्यांवर न बसता घरघरत आतल्या बाजूला, फ्रेमवर जाऊन पडते. मग ओझ्याची सायकल चढावर आडवी टाकून तेलकट हातांनी चेन बसवत बसावे लागते.

यासाठी वळणाच्या पलीकडे चढ दिसू लागला, की तो लागण्यापूर्वीच पुढची लहान चकती घ्यावी आणि पाय रिकामे फिरू नयेत म्हणून मागे एक-दोन गिअर जड करावेत. पुढे चढत जाताना फक्त मागचे गिअर एकेक करून हलके करावेत. तरीही भर चढात पुढची चकती बदलण्याची वेळ आलीच, तर अर्धा फेरा जरा जोराने मारून सायकलीला थोडी गती द्यावी आणि पुढच्या अर्ध्या फेऱ्यात पाय फिरता ठेवून पायडलवरील भार काढून घ्यावा. शिफ्टर त्या क्षणी दाबावा. ही हातोटी सामान न लावता घराजवळच्या एखाद्या चढावर आठवडाभर गिरवली, की अंगवळणी पडते.

आणखी एक सवय लावून घेण्यासारखी आहे : सर्वांत हलका गिअर शक्य तोवर हाती राखून ठेवावा. तो लागेलच, पण अजून एक गिअर शिल्लक आहे या जाणिवेचा मनाला मोठा आधार असतो.

पायडल किती वेगाने फिरवावे? गुडघे दुखतात.

सपाटीवर मिनिटाला ८० फेरे फिरवणाऱ्याने चढावर ६० ते ७५ च्या दरम्यान राहण्याचा प्रयत्न करावा. खड्या टप्प्यात ते ५० पर्यंत उतरले तरी बिघडत नाही. फेरे त्याहून कमी होऊ लागले, तर मांडीच्या स्नायूंवर आणि गुडघ्याच्या वाटीवर ताण वाढतो.

गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल, तर सीट फार खाली आहे का, हे आधी पाहावे. पायडल सर्वांत खाली असताना, पाऊल त्यावर नेहमीसारखे ठेवल्यावर गुडघ्यात हलकासा बाक राहावा, इतपत उंची योग्य होय. पाय टेकवता यावेत म्हणून सीट खाली ठेवण्याची सवय अनेकांना असते. शहरात ती खपून जाते, घाटात खपत नाही. गुडघ्याच्या मागे ओढ लागत असेल, तर सीट बहुधा जास्त उंच झालेली असते. सीट एका वेळी पाच मिलिमीटरांपेक्षा जास्त हलवू नये. दुखणे विश्रांतीनंतरही टिकले, तर दौऱ्याचा मोह सोडून डॉक्टरांना दाखवावे.

सामानाचे वजन कमी केल्याने कितपत फरक पडतो?

लोक समजतात त्यापेक्षा कमी. एकूण वजन १०० किलो असेल, तर एक किलो काढल्याने चढायला लागणारा वेळ सुमारे एक टक्क्याने घटतो. चार तासांच्या घाटात ती दोन-अडीच मिनिटे झाली. टूथब्रशचा दांडा कापणाऱ्यांविषयी आदर ठेवूनही असे म्हणावेसे वाटते, की तोच वेळ गिअर नीट करण्यात घालवल्यास लाभ अधिक होतो. मात्र न लागणारे पाच-सहा किलो निघत असतील, तर ते अवश्य काढावेत. ‘असू दे, लागेल’ म्हणून घेतलेली जीन्सची दुसरी पँट, जाड चादर आणि लोखंडी कुलपाची साखळी ही त्यातील नेहमीची मंडळी आहेत.

सामान कसे बांधावे?

सारे वजन मागच्या कॅरियरवर चढवले, तर चढावर पुढचे चाक हलके होते, हँडल डावी-उजवीकडे भरकटते आणि सरळ रेषेत जाण्यासाठीच निम्मी शक्ती खर्च होते, असे वाटू लागते. जड वस्तू, म्हणजे हत्यारे, स्टोव्ह, तांदूळ-डाळ, पॅनियरच्या तळाशी आणि फ्रेमच्या जवळ ठेवाव्यात. पुढचे कॅरियर असल्यास काही वजन तिकडे, चाकाच्या आसाच्या आसपास येईल इतक्या खाली लावावे. दोन्ही बाजूंचे वजन सारखे असावे. हातात तोलून पाहिले, तरी पुरेसा अंदाज येतो. कॅरियरवर आडवी बांधलेली पिशवी हलत असेल, तर तिचे हिंदकळणे प्रत्येक फेऱ्याला पाठीत जाणवते. त्यासाठी जुन्या ट्यूबच्या पट्ट्या हुकाच्या रबरी दोऱ्यांपेक्षा चांगल्या ठरतात.

पाठीवर सॅक घेऊ नये. घामाने पाठ भिजते आणि सारे वजन सीटवरून बुडाला सोसावे लागते.

उभे राहून पायडल मारावे का?

अधूनमधून वीस-तीस फेरे मारावेत, पण वेग वाढवण्यासाठी नव्हे. बूड मोकळे करणे आणि स्नायूंचा ताण बदलणे, एवढाच त्याचा उद्देश असावा. उठण्यापूर्वी मागचा एक-दोन गिअर जड करावा, नाही तर पाय हवेत फिरल्यासारखे होऊन झोक जातो. सामान लावलेली सायकल उभे राहिल्यावर फार डोलू देऊ नये, कारण पॅनियर आपल्या ठेक्याने हलत नाहीत.

तीव्र वळणांवर कसे चढावे? मागून एसटी आणि ट्रक येत असतात.

आपल्याकडे वाहतूक डावीकडून चालते. त्यामुळे डावीकडच्या तीव्र वळणावर आपण आतल्या बाजूला येतो, आणि आतल्या बाजूचा चढ नेहमीच अधिक खडा असतो. काही ठिकाणी तर वळणाच्या पोटातील चार-पाच मीटर रस्ता भिंतीसारखा अंगावर येतो. अशा वळणाच्या अलीकडेच एक गिअर हलका करून ठेवावा. मागे-पुढे वाहन नसेल आणि रस्ता दूरवर दिसत असेल, तरच थोडे बाहेरून वळावे. उजवीकडच्या वळणावर आपण आपोआप बाहेरच्या बाजूला असतो. तेथे चढ थोडा सैल पडतो, तेव्हा त्या वेळात श्वास जमवून घ्यावा.

लांब वाहनांची मागची चाके वळणावर आतल्या बाजूला कापत येतात. म्हणून डाव्या वळणावर ट्रक किंवा एसटी मागे असल्याचे कानांनी ओळखताच वळणाआधीच बाजूला थांबून तिला पुढे जाऊ द्यावे. अरुंद घाटात चढणाऱ्या वाहनाला उतरणाऱ्याने वाट द्यावी, असा नियम आहे खरा, पण सायकलस्वाराने त्याच्या भरवशावर राहू नये. हँडलला छोटा आरसा लावणे, मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवणे आणि मोटारीवाल्यांना आपली रेषा ओळखता येईल इतके सरळ चालवणे, हे तीन उपाय अधिक भरवशाचे आहेत. चढ हलका करण्यासाठी रस्त्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नागमोडी चढणे मोकळ्या गावरस्त्यावर ठीक आहे. वाहत्या घाटात ते धोक्याचे आहे. ट्रकची साखळी किंवा टेम्पोचा फाळका धरून चढण्याविषयीही विचारणा होते. ते मुळीच करू नये.

मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर सायकलींना बंदी आहे. बोरघाट चढायचा असल्यास सायकलस्वार खोपोलीहून जुन्या रस्त्याने, शिंगरोबाच्या देवळावरून जातात. तो रस्ता थोड्या अंतरात बरीच उंची गाठतो, याची कल्पना असू द्यावी.

मध्येच थांबल्यावर पुन्हा सुरुवात करता येत नाही.

थांबण्याची जागा निवडून थांबावे : वळणाच्या बाहेरची रुंद जागा, देऊळ, पाण्याची टाकी किंवा जेथे चढ क्षणभर सैल होतो ते ठिकाण. थांबण्यापूर्वीच गिअर पुरेसा हलका करून घ्यावा. रिकाम्या सायकलीचे मागचे चाक उचलून गिअर बदलता येतो, वीस किलोंच्या पॅनियरसह ते उचलत नाही.

पुन्हा निघताना दोन्ही ब्रेक दाबून धरावेत आणि एक पायडल वरच्या टोकापासून किंचित पुढे, घड्याळाच्या दोनच्या काट्याजवळ आणावे. त्या पायाने जोर देत असतानाच ब्रेक सोडावेत, आणि सीटवर बसण्याची घाई न करता दुसरा पाय पायडलवर येऊन पहिला पूर्ण फेरा होऊ द्यावा. पाय क्लिपमध्ये अडकवण्याचा विचार पाच-सहा फेऱ्यांनंतर करावा. चढ फारच खडा असेल आणि रस्ता दोन्हीकडून मोकळा असेल, तर थोडे तिरपे निघाले की पहिला फेरा सोपा जातो. तेही जमत नसेल, तर पुढच्या सैल जागेपर्यंत चालत जावे.

सायकल ढकलत नेणे म्हणजे हरणे नव्हे का?

वेग ताशी चार किलोमीटरांच्या खाली गेला, की तोल सांभाळण्यातच ताकद जाते, आणि चालण्याचा वेगही जवळजवळ तेवढाच असतो. त्या टप्प्यावर उतरून चालणे हा सरळ व्यवहार आहे. शिवाय चालताना पाठ आणि मांड्या वेगळ्या रीतीने वापरल्या जातात, त्यामुळे दहा मिनिटांनी पुन्हा बसल्यावर पाय हलके वाटतात. ढकलताना एक हात हँडलवर आणि दुसरा सीटवर ठेवावा. मागचा पॅनियर पोटरीला घासत असेल, तर थोडे पुढे सरकून चालावे. तळाला लोखंडी क्लीट (पायडलमध्ये अडकणारा तुकडा) बाहेर आलेले बूट घाटातील ओल्या डांबरावर घसरतात, म्हणून प्रवासात क्लीट आत दबलेले किंवा साधे बूट वापरावेत.

घाट चढायला किती वेळ धरावा आणि किती खावे?

वर धरलेल्या वजनाला आणि कष्टांना तासाला ३०० ते ३५० मीटर उंची, हा ढोबळ हिशेब बरोबर उतरतो. पसरणी घाटाला त्यानुसार पावणेदोन ते दोन तास लागतील. पोलादपूर–महाबळेश्वरला पायडल मारण्याचेच चार तासांच्या वर होतील आणि विश्रांती धरून साडेपाच-सहा तास ठेवावेत.

त्या दुसऱ्या घाटात शरीराचे साधारण दीड हजार किलोकॅलरी इंधन जळते. ते सारे चढतानाच भरून काढता येत नाही आणि त्याची गरजही नसते, परंतु भूक लागेपर्यंत थांबल्यास पाय अचानक रिकामे होतात, डोके जड होते आणि चिडचिड सुरू होते. सकाळी निघण्यापूर्वी पोहे किंवा भाकरी असे पोटभर पण तेलकट नसलेले काही खावे. चढायला लागल्यावर दर अर्ध्या तासाला थोडे थोडे खात राहावे : एक केळे, दोन-तीन खजूर, गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचा लाडू किंवा चिक्कीचा तुकडा. वडापाव घाटमाथ्यासाठी राखून ठेवावा. भर चढात तो पोटात दगडासारखा बसतो, आणि वर पोहोचल्यावर त्याची चवही अधिक लागते.

पाण्याचे प्रमाण ऋतूनुसार बदलते. थंडीत तासाला अर्धा लिटर पुरते, उकाड्यात पाऊण लिटर किंवा अधिक लागते. कोकणच्या बाजूला हवा दमट असल्याने घाम वाळत नाही, नुसता वाहतो. त्यामुळे केवळ साधे पाणी पीत राहू नये. मीठ-साखर घातलेले लिंबू सरबत, ताक किंवा ओआरएस मधूनमधून घ्यावे. ओआरएसची पुडी पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच, बहुधा एक लिटरमध्ये, विरघळवावी. अर्ध्या बाटलीत घट्ट करून पिऊ नये. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, हे खरे असले तरी पाणी वाचवून वजन कमी करणे शहाणपणाचे नाही.

पर्यटक जेथे माकडांना खाऊ घालतात, त्या वळणांवर खाण्यासाठी थांबू नये. पॅनियरच्या बाहेर लोंबणारी प्लॅस्टिकची पिशवी माकडे हमखास ओळखतात आणि आपण बाटलीचे झाकण लावेपर्यंत ती कठड्यापलीकडे गेलेली असते.

दिवसाची कोणती वेळ आणि कोणता ऋतू चांगला?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा. कोकणातून चढणारे घाट पश्चिमेकडे तोंड करून असल्याने सकाळी बराच वेळ ते डोंगराच्याच सावलीत असतात, आणि उजाडताच निघालेल्याला निम्मा चढ उन्हाशिवाय करता येतो. तोच घाट दुपारी दोननंतर तापलेल्या कातळासमोरून चढावा लागतो. वाईच्या बाजूने पसरणी घाट चढणाऱ्याला मात्र सकाळचे ऊन लवकर गाठते, म्हणून तेथे आणखी लवकर निघावे. मार्च ते मे या महिन्यांत सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत कठीण भाग संपवता येत नसेल, तर तो बेत रद्द केलेला बरा.

पावसाळ्यातील घाट देखणे असतात, याबद्दल दुमत नाही. परंतु आंबोली, ताम्हिणी या भागांत पाऊस अतोनात पडतो, धुक्यात वीस-पंचवीस मीटरांपलीकडचे दिसत नाही, रस्त्याच्या कडेला नेमके आपण चालतो तेथेच शेवाळ धरते आणि दरडी कोसळतात. वरंधा घाट अतिवृष्टीच्या काळात बंद ठेवण्याचे आदेश अनेकदा निघतात. जायचेच असेल तर हवामान खात्याचे इशारे आणि रस्त्याची स्थिती त्या दिवशी सकाळी पाहावी, आणि कोसळत्या पावसात कड्याखाली आडोशाला उभे राहू नये.

शहरात राहून सराव कसा करावा?

पुण्यात बोपदेव, दिवे आणि कात्रजचा जुना घाट हाताशी आहेत. सिंहगडाचा रस्ता पायथ्यापासून सुमारे सहाशे मीटर चढतो. त्याची सरासरी पसरणीपेक्षा बरीच खडी असल्याने तो शेवटी करावा. मुंबई-ठाण्याकडच्यांना येऊरचा चढ आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी लेण्यांचा रस्ता आहे. कोल्हापूरकरांना पन्हाळा आणि जोतिबा असताना प्रश्नच नाही. जेथे डोंगर नाही तेथे वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने, हलक्या गिअरवर, एकाच कष्टाने तास-दीड तास चालवत राहिल्यानेही बऱ्यापैकी तयारी होते, कारण कमवायची असते ती न थांबता सारखे कष्ट करण्याची सवय.

किमान दोन-तीन वेळा तरी पूर्ण सामान बांधून सराव करावा. रिकाम्या सायकलीवर चढलेला सिंहगड आणि वीस किलो घेऊन चढलेला सिंहगड यांत गिअर, तोल आणि ब्रेक या तिन्हींचे अंदाज बदलतात. ढिला स्क्रू, घासणारे पॅनियर आणि करकरणारे कॅरियर यांचा पत्ताही तेव्हाच लागतो.

वर पोहोचल्यावर लगेच उतार लागला, तर काही वेगळी काळजी घ्यावी का?

घामाने भिजलेल्या अंगावर वारा लागण्यापूर्वी विंडचीटर किंवा कोरडा शर्ट चढवावा, विशेषतः हिवाळ्यात. सायकल उभी करून ब्रेकचे पॅड किती उरले आहेत ते पाहावे आणि पॅनियरचे हुक पुन्हा दाबून बघावेत. १०० किलो वजन थांबवायला रिकाम्या सायकलीपेक्षा बरेच जास्त अंतर लागते. ब्रेक सतत घासत ठेवल्यास रिम किंवा डिस्क तापते, म्हणून वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक नीट दाबून वेग उतरवावा आणि मग ते पूर्ण सोडून थंड होऊ द्यावेत. ब्रेकचा जळकट वास येऊ लागल्यास सुरक्षित जागा पाहून थांबावे आणि धातू हाताने चाचपून न पाहता दहा मिनिटे वाट पाहावी.